‘आई, तू होडीतच बस’

पाण्यातले प्रश्न : वाचकांच्या पत्रांना उत्तरं

प्रश्न : ताई, आम्ही तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. लग्नाला ३० वर्षं होतायत म्हणून मुलानं मॉरिशसचा बेत आखलाय. तिथं एक दिवस आमच्यापुरतीच शिडाची होडी ठरवायची, लगूनमध्ये पोहायचं, होडीवरच जेवायचं आणि संध्याकाळी परत, असं त्याच्या मनात आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आधी, ऑगस्ट-सप्टेंबरात जायचं चाललंय. आमचे हे आणि मुलगा विहिरीत पोहणारे. सूनबाई शाळेत असताना टँकवर शिकली. मला पोहता येत नाही. वय ५१. मुलगा म्हणतो, ‘आई, तू होडीतच बस, आमचे फोटो काढ.’ मला पाण्यात उतरायचंय, पण बोलायला संकोच वाटतो. या वयात जमेल का? अंगावर घालायचं काय? आंबा घाटात एसटीत मला उलट्या होतात, होडीत काय होईल? आणि एवढे पैसे घालून वेगळी होडी करावी, की सगळ्यांबरोबरच्या मोठ्या बोटीनं जावं?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, तुमचं पत्र गावाचं नाव न सांगता मी माझ्याकडं पोहायला शिकणाऱ्या सकाळच्या बॅचमधल्या बायकांना वाचून दाखवलं. ‘होडीतच बस’ या वाक्याला सगळ्याच जणी हसल्या, आणि मग एकेक जण गप्प झाली. गणपतीपुळ्याला जा, तारकर्लीला जा, तेच चित्र. पुरुष माणसं आणि पोरं पाण्यात, आणि बाई काठावर चपला, मोबाईल, टॉवेल, चष्मे सांभाळत बसलेली. तिला कुणी मुद्दाम बसवलेलं नसतं. तीही येईल पाण्यात, हे कुणाच्या मनातच आलेलं नसतं. तेव्हा पहिलं उत्तर हे : तुम्ही उतरायचं. आणि हा अंक हातात पडायची वाट न बघता आजच मुलाला सांगायचं, कारण होडी कुठली ठरवायची, कुठं न्यायची, हे सगळं तुमच्या उतरण्यावरून ठरणार आहे.

वेगळी होडी करा. ज्या कारणानं मुलाला ती हवीय, त्यापेक्षा माझं कारण निराळं आहे. मोठ्या कॅटामरानवर, म्हणजे दोन सांगाडे जोडलेल्या बोटीवर, वीस-पंचवीस माणसं असतात. पोहायला ठरलेला वेळ मिळतो, शिट्टी वाजते आणि बोट पुढच्या ठिकाणी निघते. नवख्या बाईचा तेवढा वेळ शिडीच्या तिसऱ्या पायरीवर जीव मुठीत धरण्यातच जातो. तुमच्यापुरती होडी असली की नाखव्याला सांगता येतं : आधी जिथं माझे पाय टेकतील तिथं ने, आणि मी म्हणेपर्यंत हलवू नकोस. जास्तीचे पैसे जातात ते या वाक्यासाठी, आणि ते वाक्य तुम्ही म्हणायचं आहे, मुलानं नव्हे.

आता लगून म्हणजे काय ते नीट समजून घ्या, म्हणजे भीती योग्य जागी राहील. मॉरिशस बेटाला जवळजवळ सगळीकडून प्रवाळाची रांग आहे. शेताला बांध असतो तशी ती किनाऱ्यापासून काही अंतरावर उभी आहे. हिंदी महासागराच्या लाटा त्या रांगेवर फुटतात आणि आतल्या बाजूला उथळ, निवांत, तळ दिसणारं पाणी राहतं. कुठं कमरेइतकं, कुठं दोन पुरुष खोल. पण हा बांध सलग नाही. जिथं नदी समुद्राला मिळते तिथं गोड्या पाण्यामुळं आणि गाळामुळं प्रवाळ वाढत नाही, त्या समोर खिंडार पडतं. लाटांनी रांगेवरून आत ढकललेलं पाणी पुन्हा बाहेर जायला त्याच खिंडारांकडं धावतं. तिथं पाण्याला ओढ असते, वरून काहीच दिसत नाही. कृष्णेच्या काठच्या माणसाला ओढ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. म्हणून होडी खिंडारापासून लांब, वाळूच्या तळावर उभी करायला सांगा.

ऑगस्ट-सप्टेंबरात तिथं हिवाळा. आग्नेयेकडून वारा जोरात वाहतो आणि पाणी २२-२३ अंशांवर असतं. आपल्याला गार वाटणार, पहिल्या उतरण्याला श्वास अडकल्यासारखा होणार. वारा आग्नेयेचा असल्यामुळं या दिवसांत पूर्वेचा किनारा खवळलेला आणि पश्चिमेचा त्यामानानं आडोशाचा असतो. पूर्वेला त्रू दो दूस गावातून इल ओ सेर्फ या बेटाकडं जाणारी सहल फार प्रसिद्ध आहे, मुलानं तीच बघून ठेवली असणार. तिथल्या उन्हाळ्यात ती छान. तुमच्या दिवसांत मात्र पश्चिमेला ब्लॅक रिव्हरकडून इल ओ बेनितिये बेटाच्या बाजूला गेलात तर तुम्हाला पाणी सोसवेल. उत्तरेच्या ग्राँ बेहून गॅब्रिएल बेटाकडं नेतो म्हणाले तर नको म्हणा. तिथं जायला लगून सोडून उघड्या समुद्रातून जावं लागतं, आणि आंबा घाटाचा सगळा हिशोब तिथं चुकता होईल. तामारिनच्या खाडीत सकाळी डॉल्फिन दाखवतात. होडीतून बघा. भोवती मोटरबोटींची दाटी असते, त्यात नवख्या माणसानं पाण्यात उतरू नये. चक्रीवादळांचे दिवस साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत, ते तुमच्या वाटेत येत नाहीत. आणि गणपतीच्या सुमारास गेलात तर एक दिवस त्यासाठी काढून ठेवा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून गेलेल्या मराठी माणसांची घरं तिथं अजून आहेत. गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, आणि तिथल्या समुद्रावरचं विसर्जन पाहिलं की ऊर भरून येतो.

शिडाच्या होडीतून पोहायचं म्हणजे होडी चालू असताना उडी टाकायची नाही. शीड भरलेलं असताना होडी जागेवर थांबत नाही, वळवून परत यायला वेळ लागतो, आणि वाऱ्यापुढं गेलेली होडी पोहून गाठणं चांगल्या पोहणाऱ्यालाही जड जातं. शीड उतरवलेलं, नांगर वाळूत धरलेला, इंजिन असेल तर बंद, शिडी पाण्यात सोडलेली. ही चारही कामं डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणीही उतरायचं नाही. शिडीचं मुद्दाम सांगते, कारण होडीची कड पाण्यातून दिसते त्याहून उंच असते. हातांच्या जोरावर वर चढता येत नाही. होडी चालवता येणारा एक माणूस कायम होडीवरच हवा. नाखवा एकटा असेल आणि तोच मासे दाखवायला पाण्यात उतरणार असेल तर ती होडी घेऊ नका, दोघं असलेली बघा.

आणि मागे दोर सोडायला सांगा. मी मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावर, ब्लू बेला उतरले तेव्हा आमच्या नाखव्यानं न सांगता तो सोडला होता. होडीच्या मागच्या कड्याला बांधलेला अंगठ्याएवढा जाड दोर, पाण्यावर वीस-पंचवीस हात लांब पसरलेला, टोकाला नारिंगी फ्लोट. नांगरलेली होडी वाऱ्याकडं किंवा ओढीकडं तोंड करून राहते, त्यामुळं माणूस वाहत गेला तर मागच्याच बाजूला जातो आणि दोर तिथं असतो. दोर धरून उताणं पडलं की पाणी कानात शिरतं, होडीवरची बोलणी बंद होतात आणि वर फक्त डोलकाठी हलताना दिसते. तुम्ही तुमचा पहिला अर्धा तास त्या दोराशीच घालवा. पुढं जायची कसलीही घाई नाही.

पोहणारी माणसं आधी होडीच्या पुढच्या बाजूला, ओढीच्या विरुद्ध जाऊ देत, म्हणजे दमल्यावर परतताना पाणी त्यांना होडीकडं आणेल. हे तुमच्या मुलाला वाचून दाखवा. आता पुढचं त्याच्या वडिलांनाही.

विहिरीत पोहणाऱ्यांचा दम मोठा असतो, मान्य. पण विहिरीचं पाणी उभं असतं, चार बाजूंना काठ असतो आणि कुठं पायऱ्या, कुठं दगड ते पाठ असतं. लगूनमध्ये यातलं काही नाही. सूर मारायचा नाही, मुटका मारायचा नाही. पाणी इतकं नितळ असतं की खोलीचा अंदाज चुकतो. चार फूट पाणी वरून तीन फुटांचं दिसतं, आणि प्रवाळाचा खडक होडीखाली कुठं वर आलाय ते उडी मारणाऱ्याला कळत नाही. ‘एका दमात किती वेळ पाण्याखाली’ ही विहिरीवरची पैजही तिथं नको. भराभर श्वास घेऊन मग दम कोंडला की श्वास घ्यायची जाणीव उशिरा होते आणि चांगला पोहणारा गुपचूप बेशुद्ध पडतो. होडीवर जेवणाबरोबर रम असते. पोहणं संपल्यावर, शिडी वर ओढल्यावर घ्यायची तर घ्या. त्यानंतर पाण्याला पाय लावायचा नाही.

लाइफ जॅकेट तुम्ही घालायचंच. बाकीच्यांनीही होडी चालू असताना घालावं. पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला २०१९ च्या ऑगस्टमध्ये, महापुरात बोट उलटली, ते आपल्या जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. ती नदीकाठची, जन्मापासून पाणी बघितलेली माणसं होती. त्यानंतर मी जॅकेटवरून कुणाशी वाद घालत नाही. जॅकेट चढवल्यावर दुसऱ्या कुणाला तरी दोन्ही खांद्यांपाशी धरून वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत वर येत असेल तर मोठं आहे, पाण्यात हनुवटीला लागून तोंड झाकेल. मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर तो बांधलाच पाहिजे. रबरी ट्यूब, हवेच्या गाद्या यांवर मात्र विसंबू नका, वारा त्यांना माणसासकट घेऊन जातो.

वयाचं म्हणाल तर माझ्याकडं साठीच्या बाया शिकतात. मी स्वतः पाठीला सुका भोपळा बांधून सरकारी घाटावर शिकले. आता तुम्हाला टँक आहे, मास्तरीणबाई आहेत, आणखी काय हवं? दोन महिने हातात असतील तर आठवड्यातून तीनदा सांगलीला या. लांबी मारायला शिकायची गरज नाही. तुम्हाला तीन गोष्टी आल्या पाहिजेत : तोंड पाण्यात घालून श्वास सोडणं, उताणं तरंगणं, आणि तरंगताना गुडघे पोटाशी घेऊन पुन्हा उभं राहणं. यातली पहिलीच अवघड. बाई रेलिंग धरून उभी राहते, गाल फुगलेले, डोळे घट्ट मिटलेले, बोटं दाबून दाबून पांढरी पडलेली. श्वास आत कोंडून धरते आणि म्हणते, ‘गुदमरतंय.’ गुदमरणारच, सोडलाच नाही तर नवा येणार कुठून? मी पाण्यात तिच्यासमोर उभी राहते आणि म्हणते, फूंक मार, बुडबुडे काढ. दहा वेळा नुसतं नाटक होतं. मग एकदा खराखुरा श्वास सुटतो, भडभडून बुडबुडे येतात आणि कानांना भिडलेले खांदे दोन बोटं खाली उतरतात. ते खांदे उतरले की मी समजते, ही शिकणार. समुद्राचं खारं पाणी तर तुम्हाला टँकपेक्षा जास्त उचलून धरतं. टँकमध्ये ज्यांचे पाय खाली जातात त्या तिथं हात पसरून सहज तरंगतात. डोळ्यांचा मास्क आणि श्वासाची नळी इथंच कमरेइतक्या पाण्यात वापरून बघा, पहिल्यांदा होडीवर नको. चष्मा असेल तर नंबरचा मास्क मिळतो.

कपड्यांचा संकोच सोडा. पूर्ण बाह्यांचा, पोटऱ्यांपर्यंतचा पोहण्याचा पोशाख खेळाच्या दुकानात मिळतो. साडी किंवा ओढणीचा ड्रेस घालून पाण्यात उतरायचं नाही, भिजलेलं कापड पायांत गुंततं. पूर्ण बाह्यांचा आणखी फायदा असा, की मासे बघत पालथं पडलं की पाठ आणि पोटऱ्या तासाभरात भाजून निघतात, त्या झाकल्या राहतात आणि क्रीम कमी लागतं. क्रीममधली काही रसायनं प्रवाळाला बाधतात. पलाऊ देशानं तशा क्रीमवर २०२० पासून बंदीच घातली. पायांत रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेतच. वाळूत समुद्री साळिंदरं असतात, त्यांचे काटे मोडून आत राहतात. दगडासारखा दिसणारा स्टोनफिशही तिथं आहे, त्याचा काटा विषारी. तो लागलाच तर पाय सोसेल तितक्या गरम पाण्यात बुडवायचा आणि तडक दवाखाना. प्रवाळावर उभं राहायचं नाही, तुमच्यासाठीही आणि त्याच्यासाठीही. मंगळसूत्र, जोडवी, पाटल्या हॉटेलच्या लॉकरमध्ये. नेमके पाळीचे दिवस आले तर कप किंवा टॅम्पॉन लावून पोहता येतं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

प्रवाळाचा तुकडा, शिंपला, काही उचलून आणू नका. त्या लगूननं पुष्कळ सोसलंय. २०२० च्या जुलैत ‘वाकाशिओ’ नावाचं मालवाहू जहाज ब्लू बेजवळ प्रवाळाच्या रांगेवर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातलं सुमारे हजार टन तेल पाण्यात सांडलं. तिथल्या लोकांनी काय केलं माहितीय? उसाचं पाचट कापडात भरून लांबच लांब गाठोडी शिवली आणि तेल अडवायला पाण्यावर सोडली. आपण पाचट पेटवतो. ती बातमी वाचली तेव्हा मला तिथल्या माहेबूर गावची ती माणसं अगदी आपल्या वाळव्याची वाटली.

उलट्यांचं : लगूनमध्ये होडी फार डुलत नाही. तरी डॉक्टरांना विचारून प्रवासाची गोळी होडीत बसायच्या आधी घ्या, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. उपाशीपोटी जाऊ नका, केळं आणि ब्रेड पुरे, तेलकट नको. मधल्या-मागच्या भागात, वाऱ्यावर बसा, क्षितिजाकडं बघा. मोबाईलमध्ये बघत बसू नका, खालच्या खोलीत तर मुळीच जाऊ नका. साताऱ्याच्या आल्याची आलेपाक वडी पर्समध्ये ठेवा, मला तरी तिचा गुण येतो.

ठरवताना मुलानं होडीचा तिथल्या टुरिझम अथॉरिटीचा परवाना बघायला मागावा. किनाऱ्यावर फिरून स्वस्तात होडी देणारे भेटतात, परवाना विचारला की निम्मे गायब होतात. सगळ्यांच्या मापाची जॅकेटं आहेत का, वारा फार असला तर दिवस बदलून देणार की पैसे परत, हे आधी लिहून घ्या. आणि पोहायचं असेल तर सकाळी निघा, दुपारकडं वारा वाढतो.

फोटो नाखव्याचा मदतनीस काढेल.

प्रश्न : आम्ही साताऱ्याचे चार मित्र, सगळे पोहणारे. परदेश परवडत नाही. तापोळ्याला बोट ठरवून शिवसागरच्या मध्यावर पोहलं तर? की भारतातच अशी लगूनची जागा आहे?

उत्तर : शिवसागरात नको. ते कोयना धरणाचं पाणी आहे, खाली दरी आणि बुडालेली गावं. काठ एकदम खोल उतरतो, तळाशी झाडांची खोडं आणि जुनी बांधकामं, आणि पाणी वर कोमट, खाली एकदम गार. तिथल्या बोटी फिरवायला असतात, पोहणाऱ्याला वर घ्यायची शिडी मी तिथं बघितलेली नाही. बोटीत बसा, वासोट्याच्या बाजूचं जंगल बघा, जॅकेट काढू नका.

तुम्हाला हवंय ते लक्षद्वीपला आहे. ३६ बेटं मिळून जमीन जेमतेम ३२ चौरस किलोमीटर, पण लगूनचं पाणी सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. कोचीहून जहाज आहे, अगत्तीला विमान उतरतं. प्रवेशाचा परवाना आधी काढावा लागतो, त्याला वेळ धरा. पावसाळ्यात पाण्यातले खेळ बंद असतात, म्हणून ऑक्टोबरनंतर बघा. चौघंही पोहणारे आहात म्हणता, मग जोड्या करा आणि जोडीदार नजरेआड होऊ देऊ नका. एक जोडी पाण्यात असताना दुसरी होडीवर राहिलीच पाहिजे, आळीपाळीनं.

प्रश्न : वय ६७, मिरज. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. मुलगी मॉरिशसला नेतेय. नळी लावून मासे बघायची इच्छा आहे.

उत्तर : काका, ज्यांनी स्टेंट बसवला त्या डॉक्टरांना ‘मॉरिशसला जाऊ का’ असं विचारू नका. ‘गार पाण्यात नळीतून श्वास घेत पोहू का’ असं विचारा, म्हणजे नेमकं उत्तर मिळेल. नळीतून श्वास ओढायला छातीला जास्त कष्ट पडतात आणि गार पाण्यात रक्तदाब चढतो. ते नको म्हणाले तर ब्लू बेला काचेच्या तळाची बोट मिळते. प्रवाळ, पोपटमासे, सगळं पायाखाली दिसतं. हो म्हणाले तरी जॅकेट घालूनच, पाय टेकतील एवढ्याच पाण्यात, मुलीला हाताच्या अंतरावर ठेवून. छातीत जड वाटलं किंवा दम लागला की लगेच बाहेर या. आणि गोळ्या हॉटेलवर ठेवू नका, होडीवरच्या कोरड्या पिशवीत बरोबर न्या.